दिवाळी अंकाला कथा देताना आपण नेमके काय देतो?

पैलतीर

२०१७ साली माझी एक कथा एका दिवाळी अंकात आली. पुढच्या फेब्रुवारीत मानधनाचा धनादेश आला आणि त्यासोबत सही करून परत पाठवायची एक छापील पावती होती. तिच्यावर ‘सदर साहित्य सर्व हक्कांसह दिल्याबद्दल वरील रक्कम मिळाली’ अशी ओळ होती. ती मी वाचली, पण फारसा विचार न करता सही केली. २०२१ मध्ये ओळखीच्या एका बाईंनी ‘तुमची कथा ऐकली’ असे सांगितले, तेव्हा अंकाच्या मालकांनी ती ध्वनिपुस्तके काढणाऱ्यांना दिल्याचे मला कळले. वाचनात माझे नाव होते, मात्र शेवटचे दोन परिच्छेद गाळले होते आणि त्यामुळे कथेचा अर्थच उलटा झाला होता. विचारणा केल्यावर मला माझ्याच सहीची पावती दाखवण्यात आली.

आपण सहज ‘कथा दिली’ म्हणतो, पण हे क्रियापद फसवे आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कथेवरचा हक्क हा एक अखंड हक्क नाही. छापण्याचा, भाषांतराचा, नाट्यरूपांतराचा, चित्रपटाचा, ध्वनिरूपाचा असे अनेक हक्क त्यात आहेत आणि त्यांतला प्रत्येक वेगळा देता येतो किंवा राखून ठेवता येतो. म्हणून माझे ठाम मत असे आहे, की प्रत्येक लेखकाने कथेसोबतच्या पत्रात स्पष्ट लिहावे : ‘ही कथा आपल्या या वर्षीच्या दिवाळी अंकात मराठीत एकदा छापण्याची परवानगी देत आहे. अन्य सर्व हक्क माझ्याकडे राहतील.’ याने कोणाचा अपमान होतो असे मला वाटत नाही.

संपादकाच्या खुर्चीतून

जिल्ह्याच्या गावातून निघणाऱ्या एका छोट्या दिवाळी अंकाचे काम मी बरीच वर्षे करतो. पैलतीर यांच्यावर अन्याय झाला याबद्दल दुमत नाही, परंतु त्यांनी सुचवलेला उपाय मला पटत नाही.

‘मनोरंजन’ने १९०९ साली पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून हा व्यवहार बव्हंशी शब्दावर चालत आला आहे. कथा अंकात एकदा छापली जाते, पुढे लेखक ती संग्रहात घेतो आणि मागे ‘पूर्वप्रसिद्धी’ म्हणून अंकाचे नाव देतो. हा संकेत दोन्ही बाजूंना ठाऊक आहे. आज प्रत्येक लेखकाने अटींचे पत्र जोडायला सुरुवात केली, तर उद्या अंकवाले वकिलाकडून आपला नमुना करून घेतील, आणि तो लेखकाच्या पत्रापेक्षा लांब आणि कडक असेल. आपले नुकसान कागद नसल्यामुळे झालेले नाही, ते कागदामुळेच झाले, हे कृपया लक्षात घ्यावे.

दुसरे असे, की हक्कांची चर्चा एकाच बाजूने होते. कथा ‘स्वतंत्र व अप्रकाशित’ असावी अशी अट आम्ही आवाहनात छापतो. तरीही तीच कथा दोन अंकांकडे गेल्याचे आम्हाला पाने लागल्यावर, ऐन सप्टेंबरात कळते. एका लेखकाने अंक बाजारात आला त्याच आठवड्यात संपूर्ण कथा फेसबुकवर टाकली होती. जाहिराती गोळा करून, कागदाचे पैसे आधी भरून अंक काढणाऱ्याला त्या कथेवर काही काळ तरी एकट्याचा अधिकार असावा की नाही?

अनुवादिनी

मी मराठी कथा कन्नडमध्ये नेते. परवानगीसाठी मी आधी अंकाच्या पत्त्यावर लिहीत असे आणि ती तत्परतेने मिळतही असे. दोन कथांच्या बाबतीत अनुवाद छापून आल्यावर कळले, की लेखिकांना कोणी विचारलेच नव्हते. जे आपले नाही ते अंकाने मोठ्या मनाने देऊन टाकले होते. दोघींची क्षमा मागताना मला फार ओशाळे वाटले. माझा पाठिंबा पत्राला आहे.

काळा कोट

इथे दोन्ही बाजूंच्या बोलण्यात तथ्य आहे. मी कायद्याचे काम करतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

कलम १९ प्रमाणे लेखी आणि सहीचा कागद नसेल तर कॉपीराइटचे हस्तांतर वैधच ठरत नाही. कोणताही कागद न करता कथा पाठवली, तर फार तर ती एकदा छापण्याची मोकळीक दिली असे म्हणता येते; मालकी तशी जात नाही. ‘मानधन दिले म्हणजे कथा आमची’ हा समजही चुकीचा आहे. कलम १७ मधील नियतकालिकांची तरतूद पगारी नोकरीत असलेल्या लेखकासाठी आहे, आणि तिथेही मालकाचा हक्क नियतकालिकातल्या प्रसिद्धीपुरताच असतो. या मर्यादेत संपादकांचे म्हणणे खरे आहे : काही न लिहिणे हे बऱ्याचदा लेखकाच्या फायद्याचे असते.

आता पावतीविषयी. कोणत्या कथेचे कोणते हक्क, किती मुदतीसाठी आणि कोणत्या प्रदेशापुरते दिले हे हस्तांतराच्या कागदात स्पष्ट लिहावे लागते. ‘सर्व हक्क’ या दोन शब्दांत ते भागले का, हाच पहिला वादाचा मुद्दा आहे. मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर तो भारतापुरता धरला जातो. शिवाय मिळालेला हक्क एका वर्षात वापरला नाही, तर कागदात वेगळे काही नमूद नसल्यास तो आपोआप संपतो. पैलतीर यांची सही फेब्रुवारी २०१८ ची आहे. ध्वनिरूपाचा हक्क फेब्रुवारी २०१९ पर्यंत वापरला नसेल, तर २०२१ मध्ये तो देण्याचा अधिकार अंकाकडे उरला नव्हता असे म्हणायला चांगला आधार आहे.

गाळलेल्या परिच्छेदांचा प्रश्न तर पावतीच्या पलीकडचा आहे. मन्नू भंडारी यांनी आपल्या कादंबरीवरील चित्रपटाविरुद्ध दाद मागितली, तेव्हा दिल्ली उच्च न्यायालयाने १९८६ मध्ये कलम ५७ चा आधार घेऊन, हक्क दिल्यानंतरही कृतीचा विपर्यास रोखण्याचा लेखकाचा अधिकार शिल्लक राहतो हे मान्य केले.

पैलतीर

काळा कोट यांचे मनापासून आभार. एक वर्षाची तरतूद मला ठाऊक नव्हती, आणि मला वाटते बहुतेक लेखकांना ती ठाऊक नाही. परंतु यातून माझेच म्हणणे अधिक पक्के होते. कायदा बाजूने असणे आणि तो वापरता येणे यांत फार अंतर आहे. एका कथेच्या मानधनासाठी कोण न्यायालयात जाणार? आधी लिहिलेल्या दोन ओळी ती वेळच येऊ देत नाहीत. संकेताबद्दल म्हणाल, तर तो छापील अंकाच्या काळात तयार झाला. ई-आवृत्ती आणि ध्वनिवाचन यांविषयी कोणताही संकेत अजून रुळलेला नाही, आणि ज्याच्या हातात कथेची संगणकीय फाइल आहे तोच तो ठरवून टाकतो.

संपादकाच्या खुर्चीतून

हा मुद्दा मी मान्य करतो. तरी ‘अन्य सर्व हक्क माझ्याकडे’ या शब्दांतला एक धोका सांगतो. आमच्या जुन्या अंकांचे पान न् पान स्कॅन करून ते वाचकांना खुले करावे अशी आमची फार इच्छा आहे, कारण कागद पिवळा पडून तुटू लागला आहे. लेखकाच्या निधनानंतरही साठ वर्षे हक्क चालतो. तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या कथाकारांचे वारस कोठे शोधायचे? कोणी मुलीच्या सासरी पत्र पाठवा म्हणतो, कोणाच्या घराला कुलूप असते. आजचे लेखकही पत्रात फक्त ‘एकदा छापण्याची’ परवानगी देणार असतील, तर आजचा अंकही उद्या तसाच बंद कपाटात राहील.

पैलतीर

हे माझ्या ध्यानात आले नव्हते. पत्रात मी एक वाक्य वाढवीन : ‘संपूर्ण अंक जसाच्या तसा संगणकीय संग्रहात ठेवण्यास माझी संमती आहे.’ कथा अंकातून सुटी काढून कोणाला देण्यास मात्र ती नाही. अंकाच्या एकट्याच्या अधिकाराची मुदतही लिहायला मी तयार आहे. सहा महिने पुरेत. तुळशीच्या लग्नानंतर अंकाची विक्री थंडावतेच.

संपादकाच्या खुर्चीतून

विक्री थंडावते, पण वाचन थांबत नाही. वाचनालयांच्या योजनेत आमचा अंक मे-जूनपर्यंत हातोहात फिरतो, आणि पुढच्या वर्षीच्या जाहिराती त्या वाचकांच्या जोरावर मिळतात. संग्रहासाठी लेखकाने केव्हाही कथा घ्यावी, त्याला माझी हरकत नाही. इतरत्र प्रसिद्धीसाठी मात्र मी पुढच्या दिवाळीपर्यंत थांबायला सांगेन. यंदाच्या आवाहनात हे दोन्ही छापतो. ध्वनिरूप, अनुवाद आणि चित्रपट यांचे हक्क लेखकाकडेच राहतील, ही ओळही त्यात असेल.

पैलतीर

ती ओळ छापलीत तर कथा अवश्य पाठवीन. वर्षाची मुदत मात्र मी सहा महिन्यांवर आणूनच सही करीन.