सल्ला हवा: खिमा-चीज भरलेल्या ब्रेडस्टिक, २० माणसं आणि छोटा ओटीजी

वडगावची_सून
नमस्कार मंडळी. श्रावण लागायच्या आधीच्या रविवारी ह्यांचे कॉलेजचे मित्र सहकुटुंब येणार आहेत. लहानमोठे धरून २०, त्यांतले ६ जण शाकाहारी. मटण-भाकरी आहेच, पण त्याआधी हातात धरून खायला खिमा आणि चीज भरलेल्या ब्रेडस्टिक करायचं मनात आहे. पिझ्झाच्या दुकानात खाल्ल्यापासून पोरांनी डोकं खाल्लंय. घरी १९ लिटरचा ओटीजी (विजेचा छोटा ओव्हन) आहे, नवीन काही घ्यायचं नाही. ब्रेडस्टिकचा खर्च २००० च्या आत बसवायचाय. खिमा कच्चा भरायचा की शिजवून? चीज बाहेर येऊ नये म्हणून काय करता? आदल्या दिवशी किती काम उरकतं?

खानापूर_रोड
१९ लिटरात २० माणसं? विसरा. आमच्याकडे ६० लिटरचा आहे, आत पंखा, दोन ट्रे एकदम लागतात. एकदाच पैसे घालवायचे, दहा वर्षं बघायला नको. आमच्याकडे कुणी आलं की आधी ओव्हन बघायला स्वयंपाकघरात येतात.

वडगावची_सून
नवीन घ्यायचं नाही असं वर लिहिलंय हो.

खानापूर_रोड
वाचलं. तरी सांगून ठेवलं.

कडोलीकर
मटणाचाच खिमा घाला. चिकनचा खिमा म्हणजे नुसता भुसा, तोंडात फिरत राहतो. पण त्या रविवारी मटणाच्या दुकानासमोर पहाटेपासून रांग असते, आमच्याकडं तर पोतं डोक्यावर घेऊन पावसात उभी असतात माणसं. खिमा करून द्यायला तर कसाई त्या दिवशी तयारच होत नाही. शुक्रवारीच घेऊन ठेवा.

टिळकवाडी_किचन
ताई, कच्चा खिमा अजिबात नको. ब्रेडस्टिक १५-१८ मिनिटांत भाजून निघते. तेवढ्यात आतलं मांस नीट शिजेल याची खात्री नाही, वर त्याचं पाणी सुटून पाव आतून चिकट राहतो. शिजवून घ्या आणि कढईच्या तळाला पाणी दिसणार नाही इतका कोरडा करा. टोमॅटो घालू नका, घातलात तर पार आटवा. मग परातीत पसरून गार करा आणि फ्रीजमध्ये ठेवा. गरम सारण भरलं की पीठ सैल पडतं आणि भट्टीत शिवण उघडते. मी चिकन खिमा वापरते, बारीक कांदा आणि थोडी मिरपूड घालून परतला की भुसा वगैरे काही होत नाही.

कडोलीकर
भुसाच होतो.

निपाणीकर_८२
चीजचं आमच्या मेव्हणीला विचारा. किसलेलं मोझरेला मूठमूठ भरलं होतं. अर्ध्याच्या वर ट्रेवर, ट्रेवरून खाली कॉइलवर. घरभर धूर, आणि वर मलाच ऐकवते की ओव्हन तुमच्याकडून आणला म्हणून. आमचा ओव्हन चांगला होता हो. परत आला तेव्हा काळाकुट्ट.

अनगोळची_मावशी
काय करूलालीस गं एवढं घरी! आमच्या गल्लीतल्या बेकरीत मी भाजायला देतो की. दिवाळीला नानकटाई देतो तसंच. घरात भरून, ट्रेवर मांडून, वर फडकं टाकून न्यायचं. पावाचा घाणा निघाला की तो आपले ट्रे सरकवतो. ४० काय, १०० असूदेत. ट्रेमागं थोडे पैसे घेतो. गेल्या दिवाळीत मी चिकन पॅटिस केलो होतो, सगळ्या सोसायटीनं रेसिपी विचारली. कुणालाच दिलो नाही.

खानापूर_रोड
बेकरीची भट्टी फार तापलेली असते, तळ करपतो. घरचा ओव्हन घरचा.

अनगोळची_मावशी
माझा कधी करपला नाही. तुमचा करपला असेल.

कॅम्पातला
खिमा कशाला? गोव्याची सॉसेज घाला. चोर्ला घाटातून गोव्याहून येणारा कुणीतरी ओळखीचा असतोच. माळेतून काढून, कातडं सोलून, कांद्याबरोबर थोडं पाणी घालून शिजवायची. मिरची, व्हिनेगर, लसूण सगळं आतच असतं, मीठसुद्धा घालायचं नाही. एकदा खाल्लं की खिम्याचं नाव काढणार नाहीत.

टिळकवाडी_किचन
चव एक नंबर, पण तिची चरबी भरपूर सुटते. ती काठाला लागली की पीठ चिकटतच नाही. शिवाय पाहुण्यांत डुक्कर न खाणारे निघाले तर? आधी विचारून घ्या.

आता प्रमाण लिहिते, नाहीतर धागा असाच भरकटणार. माणशी २ धरून ४० नग. १.२ किलो मैद्याला साधारण ७२० मिली पाणी, १६-१७ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट, ७०-७५ मिली तेल, २ मोठे चमचे साखर, २० ग्रॅम मीठ (चीज खारट असतं, म्हणून जरा हात आखडता). दहा मिनिटं मळायचं. ५० ग्रॅमचा एक गोळा, तो आयताकृती लाटायचा, मध्ये २०-२५ ग्रॅम सारण. चारी काठ बोटभर मोकळे आणि कोरडे ठेवा, मसाल्याचं तेल लागता कामा नये. काठाला पाण्याचं बोट फिरवून चिमटत जायचं, टोकं आत दुमडायची आणि शिवण खाली करून ट्रेवर ठेवायचं. वरून दूध लावा. ओटीजी २०० वर १०-१५ मिनिटं तापवून मगच ट्रे आत. बाहेर काढल्याबरोबर लसूण-लोणी फासा.

चीज किसायचं नाही. २०० ग्रॅमची मोझरेलाची दोन पाकिटं आणा, प्रत्येकी १० ग्रॅमच्या पट्ट्या कापा आणि अर्धा तास फ्रीझरमध्ये ठेवा. पाव भाजेपर्यंत त्या वितळायला वेळ घेतात, त्यामुळे कमी गळतात.

निपाणीकर_८२
किसलेलं नको हेच मी वर सांगितलं. मी म्हणतो साधे क्यूबच घ्या. तार सुटत नाही हे खरं, पण प्रोसेस्ड चीज जागा सोडत नाही.

टिळकवाडी_किचन
पोरांना तारच हवी असते. तार नसेल तर चीज घातलंय हे त्यांना पटतच नाही.

हिंदवाडी_हेगडे
आम्ही शाकाहारी, म्हणून एक सांगतो. असल्या कार्यक्रमाला गेलं की यजमान म्हणतात, हे व्हेजच आहे हो. आणि ट्रे तोच, ब्रश तोच. आम्ही तोंडावर काही बोलत नाही, घरी येऊन दहीभात खातो. आधी आमच्या भाजा, नंतर तुमच्या. पनीर-मका किंवा पालक चालेल. पालक वाफवून घट्ट पिळा, त्यालाही पाणी सुटतं. आणि आकार वेगळा करा, नाहीतर ताटात गेल्यावर कुठली कुठली ते कुणालाच कळत नाही.

वडगावची_सून
@हिंदवाडी_हेगडे हे बरं सांगितलंत. ट्रे आणि ब्रश वेगळेच ठेवते. शाकाहारी गोल करते.

कडोलीकर
लाईटचं कुणी बोललं नाही. आषाढात आमच्याकडं जरा वारा सुटला की लाईट जाते. ओव्हन चालू, पीठ फुगलेलं, आणि अंधार. मग काय?

खानापूर_रोड
इन्व्हर्टर घ्या.

शहापूर_वायरमन
घरच्या साध्या इन्व्हर्टरवर ओटीजी चालत नाही हो. १५०० वॅटचा ओटीजी साडेसहा अँपिअर खेचतो. मोबाईल चार्जिंगच्या ६ अँपिअरच्या प्लगलाही लावू नका, एक्स्टेंशन बोर्डला तर नाहीच. गिझर किंवा फ्रिजसाठी १६ अँपिअरचा असतो त्याला लावा. लोक प्लग वितळला की मला बोलावतात, आणि वरून विचारतात कंपनी बोगस आहे का.

टिळकवाडी_किचन
लाईट गेली तर भरलेले ट्रे फ्रिजमध्ये सरकवा, गार पीठ हळू फुगतं. पावसाळ्यात उलटा त्रास जास्त, आपल्याकडे या दिवसांत हवा इतकी गार असते की तासात फुगणारं पीठ दोन तास घेतं. घड्याळ बघू नका, दुप्पट झालं की झालं.

@वडगावची_सून आदल्या दिवशीचं विचारलं होतं. खिमा शिजवून फ्रिजमध्ये, चीज कापून फ्रीझरमध्ये. पीठ रात्री यीस्ट अर्धं घालून मळून झाकून फ्रिजमध्ये ठेवलं तरी चालतं, चवही सुधारते. भरून मात्र रात्रभर ठेवू नका, तळ ओला होतो. आणि भाजलेल्या संध्याकाळभर टेबलावर ठेवू नका, मांस आहे, दोन तासांच्या आत संपवा.

अनगोळची_मावशी
म्हणून म्हणतो, पीठ घरी मळ आणि भाजायला बेकरीत दे. सगळे तेच सांगूलालेत.

खानापूर_रोड
सगळे नाही.

वडगावची_सून
सगळ्यांचे आभार. ठरलं ते असं. बेकरीवाल्याकडे भाजायला चौकशी करायला गेले, तर त्या रविवारी त्याच्याकडे आधीच दोन कार्यक्रमांचे ट्रे आहेत. पण मळलेलं पीठ देतो म्हणाला, दोन किलो, पावाचंच. अंडं नसतं हे विचारून घेतलं. म्हणजे पीठ बेकरीचं आणि भाजणार घरी. एकावेळी ८ बसतात. जशा निघतील तशा गरमागरम खातील, बाकीचे गप्पा मारतील. खिमा मटणाचाच, कारण सासऱ्यांनी चिकन ऐकूनच घेतलं नाही. मटणामुळे २००० च्या जरा वर जाईल, तेवढं चालवून घेते.

अनगोळची_मावशी
हे सगळं उलटंच की गं!

कडोलीकर
मटण. बरोबर.

टिळकवाडी_किचन
बरं. मग एवढं ऐका. बेकरीचं पीठ आधीच फुगायला लागलेलं असतं. मोठ्या पातेल्यात आणा, वर भरपूर जागा ठेवून. पिशवीत घालून स्कूटरच्या डिकीत टाकाल तर घरी येईपर्यंत झाकण वर आलेलं असेल. आल्या आल्या हाताने दाबून हवा काढा, गोळे करून फ्रिजमध्ये, आणि लागतील तेवढेच बाहेर काढत जा. ८ च्या हिशोबाने ४० ना पाच खेपा, तापवण्यासकट पावणेदोन तास धरा. दोन किलो पीठ नेमकं ४० नगांनाच पुरेल, उरणार नाही.

निपाणीकर_८२
कॉइलच्या खालच्या ट्रेत फॉइल घाला. आमचा ओव्हन आठवतो अजून.

खानापूर_रोड
५ खेपा! आमच्याकडे दोनातच झालं असतं.