जिम्नी आणि दगडी चढ: लिफ्ट किट बसवावं का?

कातळवाट: मारुतीची पाच दारी फोर-बाय-फोर जिम्नी, मॅन्युअल, टायर कंपनीचेच १९५/८० आर १५. मुळशीच्या आत ओढ्यातून वर जाणारी वाट आहे. सुटे धोंडे, मध्येच फूटभर कातळाची पायरी. फोर-लो (चारही चाकांना जोर, गती कमी) आणि पहिला गिअर असूनही तिरपी दोन चाकं उचलली की ती नुसती गरगरतात. पोटालाही लागतं. गाडी दोन इंच उंच करणारं लिफ्ट किट बसवू का? मंडळी, सांगा.

लो_गिअर: लिफ्टने बॉडी वर जाते, डिफचा (डिफरन्शियलचा) गोळा आहे तिथेच राहतो. डावं-उजवं चाक जोडणारे ॲक्सल अखंड आहेत ना, गोळा त्यांच्यावरच असतो. डिफखालची जागा मोठ्या टायरनेच वाढते, तीही व्यास वाढला त्याच्या निम्मीच. पोट टेकतं कारण व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) २५९० मिमी आणि ब्रेकओव्हर (पोट न टेकता उंचवटा ओलांडायचा कोन) २४ अंश. पायरी सरळ न घेता थोडी तिरकी घ्या, म्हणजे एकेक चाक चढेल. फार तिरकी नको, कलंडेल. धोंडा चाकांच्या मधून नेऊ नका, त्यावर टायरच चढवा. आधी उतरून वाट पायी बघा.

तिरकं घेतलं की चाक उचलणारच. तेव्हा पाय काढू नका, तिथेच सगळे चुकतात. ॲक्सिलरेटर हलका पण स्थिर धरा. गाडीतली ब्रेक एलएसडी यंत्रणा मोकळं फिरणारं चाक ब्रेकने धरते आणि जोर पलीकडच्या चाकाला मिळतो. पण त्यासाठी चाक क्षणभर फिरावं लागतं. अर्ध्या क्लचवर मात्र चढवू नका, प्लेट जळते.

हवाभर: हवा? १८ पीएसआयवर आणा, निम्मा प्रश्न सुटेल. टायर दगडाला लपेटून बसतो.

घाटमाथा: ओढ्यातल्या गुळगुळीत गोट्यांवर १८ ठीक. पण आपला बेसाल्ट ताजा फुटला की धारदार असतो. कमी हवेने फुगलेली साईडवॉल (टायरची बाजू) त्यावर चिरते आणि तिथे पंक्चरची वादी चालत नाही. अशा जागी २२ ठेवा. १५ च्या खाली गेलात तर टायर रिमवरून सुटू शकतो. डांबरावर यायच्या आधी हवा भरा आणि टू-एच (फक्त मागच्या चाकांना जोर) करा, नाहीतर वळताना ट्रान्समिशनवर ताण येतो.

कातळवाट: फूटस्टेप लावलेत. राहू देत?

लो_गिअर: काढा. दगडाला आधी तेच लागतात आणि वाकून दार अडकवतात. पोटावर बसलीच तर दोर लावून हिसका देऊ नका. जॅकखाली फळी ठेवून गाडी उचला, चाकांखाली दगड भरा आणि मग हळू काढा. वाट वनखात्याच्या हद्दीत असेल तर परवानगी आधी घ्या.