पुन: पुन: बच्चेकंपनीची मुंबई सहल – सोमवारी घारापुरी बंद असते हो!

मंडळी,
आपल्या परदेशातल्या मराठी मंडळाच्या सहलीला सोमवार २९ डिसेंबर कोणी ठरवला? घारापुरी बेटावरची लेणी सोमवारी बंद. कान्हेरीची लेणीही बंद, बोरिवलीचा अख्खा पार्कच सोमवारी बंद असतो. मी सध्या मुलुंडला सासरी आहे, चिरंजीवांनी ब्राह्मी या जुन्या लिपीचे तक्ते भिंतीवर गिरवायला घेतलेत. मंगळवार करा, नाहीतर दुसरी जागा सांगा. १४ मुलं, ९ पालक.
– मुलुंडची वहिनी

---

तारीख मी ठरवली. मंगळवारी संध्याकाळी तीन कुटुंबांची विमानं आहेत, हे जुलैच्या बैठकीत सांगितलं होतं; तेव्हा सगळे भेळेत गुंतले होते. बुधवार म्हणाल तर भायखळ्याची राणीबाग, म्हणजे प्राणीसंग्रहालय, बंद.
आणि घारापुरी हवीच कशाला? लाँचमध्ये तास, मग १२० पायऱ्या, वर माकडं. आमच्या धाकटीच्या हातून माकडाने ताकाची बाटली ओढली, झाकण फिरवून उघडलं, एक घोट घेतला आणि बाटली फेकून दिली. पोरगी तेव्हापासून ताकाला शिवत नाही.
– अण्णा

---

अण्णा, ताक राहू दे. घारापुरीला भारतीयांना ४० रुपये, परदेशी माणसाला ६००. आपल्या ९ पालकांत ७ जण परदेशी पासपोर्टवाले. म्हणजे ३,९२० रुपये जास्तीचे. मंडळ देणार नाही. ढोल-ताशाच्या टेम्पोचा हिशोब अजून माझ्याकडे आलेला नाही, तो कोणाकडे आहे त्यांना ठाऊक आहे.
– खजिनदार

---

खजिनदारसाहेब, ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळतं ते) असेल तर भारतीयांचाच दर लागतो, तसा सरकारी नियम आहे. आणि १५ वर्षांखालच्या मुलांना पुरातत्त्व खात्याच्या लेण्यांना तिकीटच नाही. मात्र मूळ कार्ड जवळ ठेवा. एका लेण्याच्या खिडकीवर फोनमधला फोटो दाखवून मी पाऊण तास वाद घातला, शेवटी बायकोने मुकाट्याने पर्समधून स्वतःचं कार्ड काढलं. माझं हॉटेलातच होतं. ६०० भरले.
टेम्पोची पावती मी मार्चमध्येच पाठवली आहे.
– नाना

---

तिकिटांवरून चाललंय म्हणून मध्येच बोलते. ब्राह्मीचा उपक्रम मराठी शाळेचा आहे, सहल समितीचा नाही. तक्ते मी बनवलेत. क म्हणजे अधिकचं चिन्ह, ठ म्हणजे नुसता गोल, ग म्हणजे घराचं छप्पर. सहा वर्षांचं पोरही दहा मिनिटांत शिकतं. कान्हेरी धरली होती ती त्यासाठीच. तिथे पाण्याच्या टाक्यांजवळच्या दानलेखांत ‘पोढी’ हा शब्द आहे. पोढी म्हणजे टाकं. पोरांनी खडकावर तो शब्द हुडकायचा आणि तिथेच वाकून पाणी बघायचं, इतकाच खेळ. लेखावर कागद ठेवून पेन्सिल घासायची नाही, बघून काढायचं. हे राणीबागेत कुठे करू?
– शाळेच्या ताई

---

ताई, राणीबागेचं सुचवलंत ते बरं झालं. सोमवारी उघडी असते. आणि घारापुरीचा हत्ती तिथेच आहे की! भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या बाहेरचा काळा दगडी हत्ती. पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा म्हटलं ते त्याच्यावरून. १८६४ मध्ये इंग्लंडला न्यायला उचलताना क्रेन तुटली, हत्तीचे तुकडे झाले. १९१४ मध्ये ते पुन्हा जोडले. पोरांना सांधे शोधू द्या, ज्याला जास्त सापडतील त्याला चिक्की. कान्हेरी ज्यांना मंगळवारी सकाळी जमेल त्यांनी ताईंबरोबर करावी, गेटपासून लेणी जवळपास ६ किलोमीटर, बसने जा.
– भायखळ्याचा मामा

---

मी राणीबाग सुचवली नव्हती.
– शाळेच्या ताई

---

मामा, हत्ती चालेल. पण पेंग्विन आधी दाखवू नका, मग हत्तीकडे कोणी ढुंकून बघणार नाही. सोमवारी १० वाजता, राणीबागेच्या गेटवर. ताई, मंगळवारी मी येते, तक्ते मात्र नवे लागतील.
अण्णा, ताक आणू का?
– मुलुंडची वहिनी