अडतं ते पत्त्यावर

'बाहेरून आलेल्या पोरांना वॉर्डातलं काही पडलेलं नसतं' असं काही जण म्हणतात, ते पटलं नाही. मुंबईत साकीनाक्याला एकेका खोलीत पाळीपाळीने झोपणाऱ्यांना पाणी कधी येतं, गटार कुठे तुंबतं हे नगरसेवकापेक्षा जास्त ठाऊक असतं. पण मालक भाडेकरार देत नाही, मग मतदार यादीत नाव यायचं कसं? गावचं नाव इकडे आणायला फॉर्म ८ लागतो, पहिल्यांदाच नोंदवायचं तर फॉर्म ६. बेघरांना तर पत्त्याच्या कागदाचीही सक्ती नाही. बीएलओने, म्हणजे मतदार यादीचं काम पाहणाऱ्या बूथ अधिकाऱ्याने, रात्री जाऊन तो बेघर माणूस तिथेच झोपतो का, एवढं पाहायचं. (किती जण जातात, ते सोडा.) आणि वॉर्डातल्या बैठका भर दुपारी का? डिलिव्हरीवाली पोरं येणार कधी? रविवारी रात्री नाक्यावरच घ्या, थोडं हिंदीतही बोला.