मदत हवी आहे : आवाज येतोय पण चित्र नाही. ३२ इंची दुरुस्त करू की ४३ इंची नवा घेऊ?

नमस्कार मंडळी,

टीव्हीच्या एका बिघाडावरून घरात दोन तट पडलेत आणि शेवटचा निर्णय माझ्यावर आलाय, कारण घरखर्चाची वही माझ्याकडे असते. जाणकारांनी, विशेषतः ज्यांनी टीव्ही स्वतः उघडलाय त्यांनी, जरूर लिहा.

घरची परिस्थिती आधी सांगते म्हणजे सल्ला द्यायला सोपं जाईल. भांडुप पश्चिमेला चाळीतली दहा बाय बाराची खोली, वर पोटमाळा. आम्ही दोघं, नववीतला मुलगा, सासू-सासरे. टीव्ही समोरच्या भिंतीवर, पलंगावर बसलं की डोळ्यांपासून साधारण सात फूट. सासऱ्यांना, म्हणजे अण्णांना, चॅनेल आकड्यांनी पाठ आहेत. रिमोट हातात घेतला की न बघता तीन आकडे दाबतात आणि बातम्या लागतात. सासूबाईंची दुपारी सह्याद्री आणि संध्याकाळी मालिका. मुलाला क्रिकेट. आम्हा दोघांना रात्री जेवणं आटपल्यावर एखादा सिनेमा, तोही मिस्टरांच्या लॅपटॉपला एचडीएमआय वायर लावून.

टीव्ही ३२ इंची एलईडी, एचडी रेडी, स्मार्ट नाही. एचडीएमआयची दोन पोर्ट आहेत. मालिका चालू असताना एकदम चित्र गेलं, आवाज मात्र व्यवस्थित. बंद करून परत लावला तर क्षणभर उजेड येतो आणि पुन्हा काळोख. कंपनीचा माणूस आला, मागचं झाकणही न काढता "पॅनेल गेलंय, आता नवाच घ्या" म्हणाला आणि व्हिजिट चार्ज घेऊन गेला. मला ते पटलं नाही. रात्री खोलीतले दिवे घालवले, मोबाईलची टॉर्च स्क्रीनला अगदी टेकवून तिरकी धरली. तर काय, आत चित्र हलत होतं! निवेदिकेचा चेहरा, कोपऱ्यातला चॅनेलचा लोगो, खालची बातम्यांची पट्टी, सगळं फिकट पण स्पष्ट. टॉर्च सरकवेन तिथं चित्र उमटत होतं. मग पॅनेल गेलं कसं म्हणायचं?

मिस्टर आणि मुलगा म्हणतात, देवानेच संधी दिलीय, आता ४३ इंची फोर-के घेऊ. माझा विरोध टीव्हीच्या किमतीला तेवढा नाही. किंमत एकदाच द्यायची असते, भिशीचे पैसे आहेत. माझी खरी काळजी त्यामागून येणाऱ्या दरमहाची आहे.

आत्ता काय जातं बघा. केबल ४५०. ब्रॉडबँड ३९९, त्यावर १८ टक्के जीएसटी धरून ४७१. नेटफ्लिक्सचा बेसिक १९९. झाले ११२०, म्हणजे वर्षाला साडेतेरा हजारांच्या घरात. यातला १९९चा प्लॅन ७२०पी दाखवतो आणि आमच्या टीव्हीच्या रेषा ७६८. दोन्ही एकमेकांना बरोबर बसतात. उद्या भिंतीवर फोर-के आला की हेच चित्र ताणून दिसणार आणि मग पंधरा दिवसांत "आई, क्लिअर दिसत नाही गं" सुरू. फोर-के फक्त ६४९च्या प्रीमियममध्ये. म्हणजे महिन्याला ४५० जास्त, वर्षाला ५४००, तीन वर्षांत सोळा हजारांवर. एका टीव्हीची किंमत अशी गुपचूप निघून जाते आणि दुकानातला माणूस हे कधीच सांगत नाही. तो फक्त ईएमआय सांगतो.

मनोरंजनावर खर्च करूच नये असं माझं अजिबात म्हणणं नाही. दिवसभर राबून आलेल्या माणसाला रात्री दोन तास छान काही बघायला मिळालंच पाहिजे, आणि अण्णांसाठी तर टीव्ही हीच बाहेरची दुनिया आहे, त्यांचे गुडघे त्यांना चाळीचा चढ उतरू देत नाहीत. पण प्रत्येक ॲप दरमहा खात्यातून आपोआप पैसे काढतं, आणि महिनाभरात ते किती वेळा उघडलं हे कुणी बघत नाही, याची मला खरोखर चीड येते.

तर विचारायचं असं की टॉर्चमध्ये चित्र दिसतंय याचा अर्थ दुरुस्ती शक्य आहे का, आणि केली तर किती टिकेल? नवा न घेता याच टीव्हीला एचडीएमआयमध्ये बसणारी, ॲप चालवणारी स्टिक लावली तर चालेल का? केबल बंद केली तर अण्णांच्या आकड्यांचं काय करायचं? एकूण बजेट पंधरा हजार, आणि दरमहा सगळं मिळून आठशेच्या आत आणायचंय. मुलगा स्वतः टीव्ही उघडायला निघालाय, त्याला थोपवून धरलंय.

आगाऊ धन्यवाद.

प्रतिसाद : सोल्डरगन

ताई, आधी मुलाला थोपवलंत ते फार चांगलं केलंत. प्लग काढल्यावरही पॉवर सप्लायच्या मोठ्या कपॅसिटरमध्ये तीनशे व्होल्टच्या वर चार्ज राहू शकतो. हे काम शिकलेल्या माणसाचंच.

तुमचं निदान बरोबर आहे. पॅनेल शाबूत आहे, मागची बॅकलाइट गेलीय. आत एलईडीच्या पट्ट्या असतात आणि त्यातले दिवे सिरीजमध्ये जोडलेले असतात. त्यामुळे एक दिवा उडाला तरी सगळा उजेड जातो. तुम्ही लिहिलंय की चालू करताना क्षणभर उजेड येतो. दिव्यांना वीज देणाऱ्या ड्रायव्हर सर्किटला गडबड दिसते आणि तो सप्लाय तोडतो, त्याची ही खूण. पॅनेल बदलायचं तर टीव्हीच्या किमतीइतका खर्च येतो, पट्ट्यांना त्याच्या तुलनेत किरकोळ.

आता महत्त्वाचं. मेकॅनिक म्हणेल, एकच दिवा बदलतो, स्वस्तात होईल. नाही म्हणा. बाकीचे दिवेही तितकेच जुने असतात, दोन महिन्यांत दुसरा जातो आणि टीव्ही परत उघडावा लागतो. पूर्ण सेट बदलून घ्या, आणि सेट तुमच्याच मॉडेलचा आहे ना, हे जुन्या पट्टीवरचा नंबर जुळवून बघा. काच काढताना कडेच्या पातळ रिबन फार नाजूक असतात, त्यातली एक दुखावली तर पडद्यावर कायमची उभी रेघ येते. त्यामुळे घाईघाईत दारात बसून करणारा नको. मागे पांढऱ्या शीट असतात, त्यांचा क्रम चुकला की चित्रावर डाग दिसतात. घेण्याआधी पूर्ण पांढरं चित्र लावून बघाच.

आणि दुरुस्त झाल्यावर सेटिंगमध्ये बॅकलाइट १०० असेल तर साठ-सत्तरवर आणा. पूर्ण उजेडावर दिवे तापतात, म्हणूनच लवकर जातात. चाळीच्या खोलीत तेवढा उजेड लागतही नाही. पट्ट्या स्वतः आणायच्या असतील तर ग्रँट रोडला लॅमिंग्टन रोडवर मिळतील.

प्रतिसाद : मुलुंडकर

मी उलट सांगतो. जुन्यावर खर्च करू नका. २२ सप्टेंबर २०२५पासून ३२ इंचांवरच्या टीव्हींचा जीएसटी २८वरून १८ टक्के झालाय. कर धरून जो ३२ हजारांना होता तो त्याच हिशोबाने २९,५००ला यायला हवा. शिवाय एक्सचेंजमध्ये जुना जाईल. मुलं मोठी होतायत, एकदाच चांगलं घ्या.

धागाकर्ती

मुलुंडकर, जीएसटीचं माहीत होतं, तरी आकड्यासहित लिहिलंत त्याबद्दल आभार. पण २९,५०० माझ्या पंधरा हजारांच्या दुप्पट आहे, आणि दरमहाचा प्रश्न कर कमी झाल्याने सुटत नाही. सोल्डरगनदादा, पांढऱ्या चित्राचं लक्षात ठेवते, हे कुणीच सांगितलं नव्हतं.

प्रतिसाद : पलंगावरून

मुलुंडकरांना एकच सांगायचंय. अंतराचा हिशोब करा. सात फुटांवरून ३२ इंचांच्या ७६८ रेषा साधारण नजरेला सुट्या दिसतच नाहीत, चित्र सलगच वाटतं. ४३ इंचांत फुल एचडी आणि फोर-के यांतला फरक कळायला साडेपाच फुटांच्या आत बसावं लागेल. चित्र मोठं हवं असेल तर ४३ जरूर घ्या, त्यात आनंद आहे. पण फोर-केसाठी महिन्याला ४५० जास्त मोजणं या खोलीत वाया आहे.

प्रतिसाद : केबलचा हिशोब

केबलबद्दल लिहिते. बंद करू नका, फक्त पॅक कापून लहान करा. २०१९पासून ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामकाच्या, नियमाने हवी ती चॅनेल सुटी निवडता येतात, प्रत्येक चॅनेलची किंमत जाहीर असते. बहुतेक घरांत ऑपरेटरने ठरवलेला पॅक चालू असतो आणि त्यात पंचवीस हिंदी सिनेमांची, दहा इंग्रजीची, शिवाय कधीच न बघितलेली चॅनेल असतात. एका कागदावर अण्णा आणि सासूबाई खरंच बघतात ती लिहा. आमच्या घरी यादी बारा नावांच्या पुढे गेली नाही. तो कागद ऑपरेटरच्या हातात द्या. तो म्हणेल, सुटी घेतलीत तर महाग पडतील. कधी कधी ते खरंही असतं, म्हणून दोन्ही बेरजा त्याच्यासमोरच करा. दूरदर्शनची वाहिनी, सह्याद्री धरून, वेगळे पैसे न देता मिळते. अण्णांचे आकडेही तेच राहतील, त्यांना नवं काही शिकवायला नको.

दुसरा मार्ग डीडी फ्री डिशचा, म्हणजे दूरदर्शनच्या मोफत डिश सेवेचा. डिश आणि बॉक्सचा खर्च एकदाच, दरमहा शून्य. मुंबईत डिशचं तोंड आग्नेयेला, बरंच वर आकाशाकडे असतं. भांडुप पश्चिमेला डोंगर तुमच्या पश्चिमेला, त्यामुळे तो आड येणार नाही, शेजारची इमारत तेवढी बघा. पण आपल्याकडच्या जुलैच्या पावसात सिग्नल जातो, आणि मोठ्या मराठी वाहिन्यांच्या संध्याकाळच्या मालिका हव्या असतील तर आधी चॅनेलची यादी तपासा. फक्त सह्याद्री आणि बातम्या एवढ्यावर भागत असेल तर याहून स्वस्त काही नाही.

आणि सेट टॉप बॉक्स रात्री भिंतीवरच्या बटणाने बंद करा. रिमोटने बंद केला तरी दहा वॉट ओढतच असतो असं धरलं तर चोवीस तासांचे महिन्याला सात युनिट होतात. महावितरणच्या बिलात शंभर युनिटांच्या पुढे दर चढतो, तिथं हे सात युनिट बोचतात.

प्रतिसाद : वायफायवाली

स्टिक चालेल, अगदी छान चालेल. फुल एचडीची घ्या, तुमच्या टीव्हीला फोर-केची गरज नाही. मात्र तिला वीज टीव्हीच्या यूएसबीमधून देऊ नका. जुन्या टीव्हीचं यूएसबी पोर्ट बहुधा अर्धा अँपियरच देतं, मग सिनेमाच्या मध्येच स्टिक रीस्टार्ट होते आणि लोक इंटरनेटला दोष देतात. सोबतचा ॲडॅप्टर वापरा.

चाळीत प्रत्येक घरात राउटर, त्यामुळे २.४ गिगाहर्ट्झवर गर्दी असते. राउटर त्याच खोलीत असेल तर स्टिक ५ गिगाहर्ट्झवर जोडा. स्पीड वाढवायची घाई नको. नेटफ्लिक्स स्वतः फुल एचडीला ५ एमबीपीएस सांगतं. तुमचा ३९९चा प्लॅन ३० एमबीपीएसचा असेल तर मुलगा फोनवर आणि तुम्ही टीव्हीवर असं एकाच वेळी आरामात होईल.

बाजारात बिननावाचे "फोर-के अँड्रॉइड बॉक्स" दोन हजारांत मिळतात, ते मात्र घेऊ नका, कळकळीने सांगते. पैशाच्या ॲपना एचडी दाखवायला लागणारी वाइडवाइन एल१ मान्यता त्यांना बहुधा नसते, त्यामुळे डब्यावर फोर-के लिहिलेलं असलं तरी पैसे भरून घेतलेली ॲप ४८०पीच दाखवतात. त्याहून वाईट म्हणजे २०२५च्या जूनमध्ये अमेरिकेच्या एफबीआयने बॅडबॉक्स २.० नावाच्या जाळ्याबद्दल इशारा दिला होता. असे स्वस्त बॉक्स काही वेळा कारखान्यातूनच व्हायरस घेऊन येतात आणि तुमच्या घरच्या इंटरनेटवरून भलतेच उद्योग करतात. ज्या वायफायवर तुम्ही बँकेचं ॲप उघडता, त्यावर असली वस्तू नको.

फुकटात बघायचं तर प्रसार भारतीचं वेव्हज ॲप आहे, नोव्हेंबर २०२४मध्ये आलं. दूरदर्शनच्या वाहिन्या त्यावर थेट दिसतात.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. आज अण्णांना घेऊन बसले आणि कागदावर चॅनेल लिहून काढली. सासूबाईंची धरून अकरा झाली. अण्णांनी आकड्यांसकट सांगितली, मला नावं शोधावी लागली.

ठरलंय असं: पट्ट्यांचा पूर्ण सेट बदलायचा, फुल एचडी स्टिक घ्यायची, केबलचा पॅक कापून लहान करायचा. नेटफ्लिक्स वर्षभर चालू न ठेवता मुलाच्या परीक्षा संपल्यावर आणि दिवाळीच्या सुट्टीत महिना-महिना घ्यायचं. मिस्टर आधी नाराज होते, पण ६४९ आणि १९९ची तीन वर्षांची बेरीज समोर ठेवल्यावर तेच म्हणाले, उरलेल्या पैशात एक साधा साउंडबार बघू. त्याला माझी ना नाही, अण्णांना हल्ली संवाद नीट ऐकू येत नाहीत आणि आवाज वाढवला की शेजारी भिंत ठोकतात.

म्हणून शेवटचं विचारते. आमच्या टीव्हीच्या एकाही एचडीएमआय पोर्टवर एआरसी (टीव्हीचा आवाज त्याच वायरने साउंडबारकडे पाठवायची सोय) लिहिलेलं नाही, मागे ऑप्टिकलचं भोक आणि हेडफोनचं भोक आहे. ब्लूटूथने जोडला तर ओठ आधी हलतात आणि आवाज मागून येतो असं ऐकलंय. ऑप्टिकलने जोडला तर सेट टॉप बॉक्स आणि स्टिक दोन्हींचा आवाज त्याच साउंडबारमधून येईल ना? आणि अण्णांना आवाजासाठी दुसरा रिमोट हातात घ्यावा लागू नये, असं काही करता येईल का? पट्ट्या बसवायला शनिवारी माणूस येतोय. तेव्हाच टीव्ही भिंतीवरून उतरेल, म्हणून तोवर कळलं तर बरं होईल.