मदत हवी आहे: भयकथेच्या दुसऱ्या भागात आधी काय दुरुस्त करू?

स्वतःच छापलेल्या भयकथा मालिकेच्या दुसऱ्या भागावर वाचकांचे दोन तट पडलेत. कथा नाशिकमधल्या गोदाकाठच्या वाड्यात घडते. पहिल्या भागाचा नियम: कथेतलं भूत, म्हणजे 'ती', वाहतं पाणी ओलांडत नाही. दुसऱ्या भागात पुराचं पाणी दुतोंड्या मारुतीच्या (गोदापात्रातली मूर्ती, जिच्यावरून पुराची पातळी सांगतात) छातीला लागतं, रात्री वाड्याच्या दिंडी दरवाजाची कडी आतून निघते आणि 'ती' अलीकडच्या, वाड्याच्या काठावर असते. जुने वाचक म्हणतात, नियम मोडला. नवे म्हणतात, तिचा पूर्वेतिहास चौथ्याच प्रकरणात कळल्यावर भ्यायचं कशाला?

'आवडलं का'ऐवजी 'कुठल्या पानावर मिटलं' असं विचारून पाहिलं (हा प्रश्न जास्त प्रामाणिक उत्तरं देतो). बहुतेक जण उलगड्यानंतरच्या फ्लॅशबॅकपाशी थांबलेत. तो निम्मा कापला. वेग आला, धास्ती नाही. सुरुवातीला 'मागील भागात'चं पान जोडलं, ते जुन्यांनी सरळ उलटलं.

पुस्तक डेमी आकारात, 160 पानी, म्हणजे 16 पानांचे बरोबर 10 फर्मे (एका मोठ्या कागदावर एकत्र छापल्या जाणाऱ्या पानांचा संच). दोन पानं वाढली तरी खर्च चढतो. ई-बुक बदलता येईल, पण आधी घेतलेल्यांकडे जुनीच प्रत राहू शकते, त्यामुळे तिसरा भाग दोन्ही आवृत्त्यांशी जुळायला हवा. शेवट बदलायचा नाही.

पुनर्मुद्रणात एकच बदल परवडणार आहे. पुरात काठच उरत नाही, म्हणून नियम लागू नाही, हे एखाद्या पात्राच्या तोंडी आधीच पेरू, की उलगडा अकराव्या प्रकरणापर्यंत पुढे ढकलू?