मदत हवी आहे: खाऱ्या पाण्याचा पंप सील बदलूनही गळतोय

नमस्कार मंडळी. हर्णैला आमची छोटी फायबरची बोट आहे, आत तीन सिलिंडरचं डिझेल मशीन. ३१ जुलैला पावसाळी मासेमारीची बंदी संपली, नारळी पौर्णिमा करून बोट पाण्यात घातली, तेव्हापासून खाऱ्या पाण्याचा पंप (मशीन थंड ठेवायला समुद्राचं पाणी ओढतो तो) ठिबकतोय.

पंप बेल्टवर चालणारा, आत रबरी इम्पेलर, म्हणजे पाणी ढकलणारं पाकळ्यांचं चाक. झाकणाकडून गळत नाही, कोरडं फडकं फिरवून खात्री केली. पुली आणि पंपाचं तोंड यांच्या मधल्या भागाला खालून एक बारीक भोक आहे, पाणी तिथून येतं. मशीन बंद असताना थेंब थेंब, रेस दिली की धारच. चव खारट, म्हणजे गोड्या पाण्याचा संबंध नाही. भोकाच्या कडेला मीठ साचून हिरवट झालंय. बेल्ट ते पाणी उडवतो आणि शेजारीच अल्टरनेटर आहे, काळजी त्याची जास्त.

मेकॅनिकने सील (शाफ्टभोवतीची पाणी अडवणारी रबरी कडी) बदललं. थोडे दिवस कोरडं, मग पुन्हा तेच. आता तो म्हणतो, "एम-सील लावून भोक बुजवून टाक." दुसरा म्हणतो अख्खा पंप नवा घे. शाफ्टवर सील बसतं तिथे वळ पडलाय, नख अडकतं. पुली धरून हलवली तर किंचित डुलते.

बोट सध्या आंजर्ल्याच्या खाडीत उभी आहे. खलाशी बसून आहेत. काय करू?

प्रतिसाद १

दादा, भोक अजिबात बुजवू नका. ते मुद्दाम ठेवलेलं असतं. आत दोन सिलं असतात, एक पाण्याकडे, एक बेअरिंगकडे, आणि भोक त्यांच्या मधल्या मोकळ्या जागेचं. पाणी आलं तर पाण्याकडचं सील गेलं, तेल किंवा ग्रीस आलं तर दुसरं. बुजवलंत तर पाणी जाणार कुठे? बेअरिंगमध्ये. गिअरवर चालणारा पंप असता तर थेट मशीनच्या तेलात जाऊन तेल दुधासारखं झालं असतं.

पण सुरुवात सिलापासून करू नका, पुली डुलते म्हणताय ना, बेअरिंग आधी. शाफ्ट डुलत असेल तर कितीही भारी सील घाला, त्याची कड एका बाजूने घासून जाणार. बेल्ट फार ताणून बसवलाय का बघा, बेअरिंग बहुतेक त्यानेच मरतं.

वळाचं म्हणाल तर नवीन सील त्याच वळात बसतं, म्हणून टिकत नाही. सील बसतं त्या खोबणीत जागा असेल तर ते एखादा मिलिमीटर पुढे-मागे बसवा. नाहीतर शाफ्टवर पातळ स्टीलची स्लीव्ह चढवा. नख अडकण्याइतका वळ असेल तर मी सरळ लेथवर ३१६ स्टेनलेसचा नवा शाफ्ट करून घेईन.

आणि जुनं सील फेकू नका, त्याची स्प्रिंग बघा. गाडीच्या सिलात साध्या लोखंडाची असते, खाऱ्या पाण्यात गंजून तुटते. स्टेनलेस स्प्रिंगचं मागा. बसवताना स्प्रिंगची बाजू पाण्याकडे.

प्रतिसाद २

पंप खोलण्याआधी तळाचा कॉक (समुद्राचं पाणी आत येतं तो) बंद करा, सांगायला नको, तरी सांगतो. इम्पेलरच्या पाकळ्या मोजा. एखादा तुकडा गायब असेल तर तो पुढे कूलरच्या तोंडाशी अडकलेला सापडेल, तो काढल्याशिवाय मशीन तापायचं थांबणार नाही. बसवताना ग्लिसरीन किंवा साबणाचं पाणी लावा. ग्रीस, डिझेल नको, रबर फुगतं. नवा पंप घ्यायची घाई नको, बॉडी आतून खरवडलेली नसेल तर हाच चालेल.

धागाकर्ता

दोघांचे आभार. आज पंप उतरवला. स्प्रिंग तांबडी झालीय, हात लावताच तुटली. म्हणजे गाडीचंच सील घातलं होतं. बेअरिंग फिरवलं की खरखरतं. पाकळ्या पूर्ण आहेत, एकीला मुळाशी चीर, इम्पेलरही बदलतो. बॉडी गुळगुळीत आहे. शाफ्ट लेथवाल्याकडे दिलाय.

एक शेवटचं. सिलावर २०×३५×७ लिहिलंय. म्हणजे शाफ्ट २०, बाहेरून ३५, जाडी ७, असंच ना? आणि दोन्ही बेअरिंगं झाकणवाली घेऊ की उघडी? जुनी उघडी होती, पण ग्रीस भरायला निप्पल कुठेच दिसत नाही.